मानवी पडताळणी: होय

हल्ली टीव्हीवर कुणी तज्ज्ञ बसून सांगायला लागला, की यंत्राला कितीही अक्कल आली तरी शेवटचा निर्णय माणसाच्याच हातात हवा, तसा कायदाच हवा, की मी रिमोट घेऊन आवाज बंद करते. नवरा म्हणतो, चांगलं तर सांगतोय बिचारा. सांगतोय चांगलंच. पण शेवटचा निर्णय हातात असलेलं ते माणूस काही वर्षांपूर्वी पनवेलमध्ये मी होते, आणि त्या माणसाची मला अजून शिसारी येते.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून नवीन पनवेलला आलो. मुलगा शाळेत रुळल्यावर मी नोकरी शोधली आणि घरापासून चालत दहा मिनिटांवर एका कॉल सेंटरमध्ये लागले. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी बिघडला की लोक जिथे फोन करतात, ते आमचं ऑफिस. पनवेल, उरण, पेण, कर्जत या सगळ्या पट्ट्यातले मराठी फोन आमच्याकडे यायचे. मी स्वतः फोन घेत नसे. मी ‘क्वालिटी’त होते. म्हणजे फोन घेणाऱ्या मुलींची रेकॉर्ड झालेली बोलणी हेडफोन लावून ऐकायची आणि पाचपैकी मार्क द्यायचे. नमस्कार म्हटलं का, ग्राहकाचं नाव आदराने घेतलं का, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली का, आवाजात गोडवा होता का.

हे काम मला फार आवडायचं, ते आधीच कबूल करून टाकते. शाळेत मी वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली होती. कुणी ‘मी आली, मी गेली’ म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. आता लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढायचा मला पगार मिळत होता, वर एसीत बसायला खुर्ची होती. मी मार्क द्यायला कंजूष आहे अशी माझी ख्याती होती आणि त्या ख्यातीचा मला अभिमान होता. मुली मला जिन्यात पाहिलं की आवाज खाली आणायच्या.

एकटी ती आणत नसे. ती उलव्याकडच्या गावातली, आगरी. त्यांची भातशेती काही नव्या वसाहतीत गेली, उरलेली विमानतळात गेली. नवरा उलव्यात डंपर चालवायचा. तिथे तेव्हा जिकडे पाहावं तिकडे बांधकाम, त्यामुळे डंपरवाल्यांना कामाला तोटा नव्हता. पण एकदा मागच्या फाळक्यावरून तो खाली पडला आणि कमरेतून गेला, तेव्हापासून घरीच. दोन मुली शाळेत. म्हणजे घर चालायचं ते तिच्या पगारावर आणि तेवढ्याच एका पगारावर. हे तिने मला जेवणाच्या सुट्टीत कसलाही सूर न लावता सांगितलं होतं, सुकटीची चटणी पुढे करता करता. मी ‘नको, पोट भरलंय’ म्हणून डबा थोडा सरकवून बसले होते. तिला कळलं असणार, पण ती दुसऱ्या दिवशीही चटणी पुढे करायचीच.

तिचं फोनवरचं बोलणं ऐकून पहिल्या दिवशी मी हेडफोन कानापासून लांब धरला होता. “हालो, बोल, काय झाला तुज्या फ्रिजला?” अशी सुरुवात. दिलगिरी नाही, गैरसोय नाही. समोर म्हातारी असेल तर ‘आये’, म्हातारा असेल तर ‘बाबा’, आणि वर ग्राहकालाच रागवणार, की पावडर एवढी कशाला टाकलीस, मशीन काय मसाल्याची गिरण हाय का. मी तिला पाचपैकी दोन द्यायचे. कधी दीड. साहेब ते मार्क बघायचे, हसायचे आणि तिला ठेवून घ्यायचे, कारण तिच्या तक्रारी पहिल्या फोनमध्ये मिटायच्या. उरणचा एक मुसलमान दुकानदार होता, दोन मुलगे आखातात, दुकानात तीन मोठे फ्रिजर. तो फोन लावला की दुसऱ्या कुणाशी बोलायचाच नाही. म्हणायचा, त्या बाईला द्या, तिला माझी मशिनं ठाऊक आहेत, तिने हातात घेतलं की इन्शाअल्ला काम होतं. करंजाची मासेवाली माणसंही तिलाच मागायची.

एवढं ओरडतेस कशाला, असं मी तिला एकदा विचारलं होतं. तेव्हा तिने समजावून सांगितलं, ते मला नीट आठवतं. त्यांच्याकडे एक माणूस या बांधावर असायचा, दुसरा चार खाचरं पलीकडे, तिसरा खाडीत होडीत. म्हणून बोलणं सुरू करताना आधी जोरात हाक घालायची. समोरच्याला कळतं कोण आहे, कुठे आहे. मग आवाज आपोआप उतरतो आणि मग काय ते बोलायचं. नवा विषय निघाला की पुन्हा एक हाक. घरात समोरासमोर बसूनही तीच सवय. फोनवर तर माणूस लांबच असतो, म्हणाली, तवा हाक नको का घालायला. मी मान हलवली आणि त्या आठवड्याला तिला पुन्हा दोनच दिले.

मग मशीन आलं. मशीन म्हणजे दिसण्यासारखं काही नव्हतं, एक सॉफ्टवेअर होतं. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस येऊन आम्हाला सांगून गेला, की मॅडम, तुम्ही सहा जणी दिवसभरात ऐकून ऐकून किती फोन ऐकणार? हे प्रत्येक फोन ऐकेल. बोलणाऱ्याचा सूर ओळखेल. पण ते अजून बाळ आहे, त्याला तुम्ही शिकवायचं. त्या ‘बाळ’ शब्दाने मला भारी उमाळा आला होता. आम्ही सहा जणी म्हणजे एक ठाण्याची, दोन डोंबिवलीच्या, एक दादरची, एक नाशिकची आणि मी. ‘शुद्ध बोलणाऱ्या’ म्हणून साहेबांनी आम्हाला निवडलं होतं.

शिकवायचं असं: जुन्या फोनमध्ये जिथे जिथे आवाज चढला होता तिथून अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाडलेले होते. तुकडा ऐकायचा आणि तीन बटणांपैकी एक दाबायचं. शांत, नाराज, आक्रमक. कुणी बोललं, काय बोललं, पुढे काय झालं, ते कळवायची सोय नव्हती. फक्त बटण. सूचना अशी होती की तुकडा शेवटपर्यंत ऐकूनच खूण करावी. आणि रोजचं टार्गेट असं होतं की शेवटपर्यंत ऐकत बसलं तर रात्री नऊपर्यंत घरी जायला नको.

दोन दिवस आम्ही इमानदारीत ऐकलं. तिसऱ्या दिवशी दादरच्या बाईंनी शोध लावला, की पहिल्या पाच सेकंदांत कळतं हो. आणि खरंच कळायचं. आमच्यासारख्यांचं बोलणं खालून सुरू होतं आणि वर चढतं. आवाज चढलेला ऐकला की समजायचं, बाई चिडली, आता ही आणखी चिडणार. पाच सेकंद, आक्रमक, पुढचा. पाच सेकंद, नाराज, पुढचा. मी त्या सहा जणींत सगळ्यात जलद होते. फळ्यावर रोज संध्याकाळी आकडे लिहायचे आणि माझं नाव वर असायचं. टार्गेट दुपारी चारला संपवून मी चहा पीत बसायचे, आणि नाशिकची बिचारी एकटी सगळं शेवटपर्यंत ऐकत मागे राहायची तर तिची थट्टा करायचे. तिला सहामधून काढलं, तेही संथ म्हणून. त्याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही.

बोलणं वरून सुरू होऊन खाली उतरणाऱ्या माणसांचं असेल तर पहिली पाच सेकंद ही नुसती हाक असते, हे त्या ऑफिसात बटणं दाबणाऱ्यांपैकी फक्त मला सांगितलं गेलं होतं. सुकटीच्या डब्याशेजारी बसून, सविस्तर. मला एकदाही आठवलं नाही.

मशीन सुरू झालं तेव्हा पेढे वाटले. प्रत्येकीच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक दिवा आला. बोलणं गोड असलं की हिरवा, जरा चढलं की पिवळा, ‘आक्रमक’ ठरलं की लाल. पहिल्या आठवड्यात सगळ्या मुली त्या दिव्याकडे बघत बोलायला शिकल्या. ग्राहकाचा फ्रिज दुरुस्त होवो न होवो, दिवा हिरवा राहिला पाहिजे. असं गुळमुळीत, बुळबुळीत मराठी सुरू झालं की ऐकवेना. ‘मी आपली अडचण पूर्णपणे समजू शकते’ हे वाक्य दिवसाला शेकडो वेळा. पेणची कुणी बाई मशीनचं पाणी घरभर झालंय म्हणून रडतेय आणि ही शांतपणे अडचण समजतेय. दिवा हिरवागार. मला तेव्हा ते फार सुसंस्कृत वाटायचं, आज आठवलं तरी तोंडात घाण आल्यासारखं होतं.

तिचा दिवा लाल. सकाळी लाल, दुपारी लाल. तिने पहिल्यांदा तो दिवा बिघडला असेल म्हणून संगणकवाल्याला बोलावलं. मग आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. पण हाक घातल्याशिवाय तिचं बोलणं सुरूच व्हायचं नाही, आणि दबकत बोलायला गेली की करंजाची माणसं म्हणायची, काय गो, बरा नाय का तुला? पगाराबरोबर जो जास्तीचा हप्ता मिळायचा तो तिचा बंद झाला. मग पत्र आलं. तीन महिने सूर सुधारला नाही तर सेवा थांबवण्यात येईल.

ती साहेबांकडे गेली. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं, की बघ, माणूस मार्क देतो तेव्हा आपला-परका करतो. मशीनला जात नाही, गाव नाही. ते सगळ्यांना सारखं मापतं. तिने विचारलं, पण त्याला शिकवला कोनी? साहेब म्हणाले, तज्ज्ञांनी. ते तज्ज्ञ काचेच्या पलीकडे बसून बिस्किट खात होते.

त्याच सुमारास हेड ऑफिसला नीतिमत्तेचा झटका आला. बाहेरदेशात कुठेतरी अशा सॉफ्टवेअरवरून बोंबाबोंब झाली असावी. आपल्याकडे कायदा वगैरे काही नव्हता, पण ज्या मोठ्या कंपन्यांचे फोन आम्ही घ्यायचो त्यांनी लेखी हमी मागायला सुरुवात केली. मग हायवेवरच्या एका हॉटेलात आमचं एक दिवसाचं शिबिर झालं. सकाळी इडली, मग भाषण. पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांचं मराठी अत्यंत सुंदर होतं. यंत्र हे साधन आहे, विवेक माणसाचा आहे. कुणाच्याही पोटावर पाय देणारा निर्णय एकट्या यंत्रावर सोडू नये. मी पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होते. दुपारी जेवणात बासुंदी होती. जेवणानंतर साहेबांनी जाहीर केलं, की यापुढे कुणालाही काढायच्या आधी मानवी पडताळणी होईल आणि ती जबाबदारी घ्यायला त्यांनी माझं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. माझ्या गळ्यातल्या कार्डावर नवीन पद छापून आलं. घरी जाताना मी ते कार्ड काढलं नाही, भाजी घेतानासुद्धा ते गळ्यात होतं.

तिने अर्ज केला. पहिलाच अर्ज. माझे फोन माणसाने ऐकावे, एवढीच एक ओळ, खाली सही. साहेबांनी तिचे चाळीस फोन माझ्याकडे पाठवले. बरोबर एक फॉर्म. मानवी पडताळणी झाली का, होय किंवा नाही. यंत्राच्या निष्कर्षाशी सहमत आहात का, होय किंवा नाही. खाली सहीची रेघ.

मी ते फोन ऐकले. अथपासून इतिपर्यंत, दोन दिवस बसून. त्या ऑफिसात इतकी वर्षं काढून मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते. पहिल्या वाक्याला कान दुखायचा, आणि मग तो आवाज उतरत यायचा, उतरत उतरत इतका जवळ यायचा की वाटायचं बाई शेजारी बसून बोलतेय. एका म्हातारीचा फ्रिज बिघडला नव्हताच, तिला बटण सापडत नव्हतं. तिला हिने वीस मिनिटं एकेक बटण दाखवलं, मध्ये सुनेची चौकशी केली, गुडघ्याला काय लावतेस ते विचारलं. एका फोनवर करंजाचा माणूस शिव्या देत आला, बर्फ झाला नाही, मासळी खराब होईल म्हणून. हिने त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत एकच हाक घातली, तो थबकला, आणि पुढच्या मिनिटाला दोघं हसत होते. मेकॅनिक तासाभरात पोचला होता. चाळीसपैकी एकाही फोनवर ती चिडलेली नव्हती. एकाही.

मग माझ्या मनात पाल चुकचुकली. शिकवायला वापरलेल्या तुकड्यांची यादी माझ्या संगणकावर होती, पुढे कुणी खूण केली त्याची आद्याक्षरंही होती. तिच्या नावाने शोधलं. बरेच तुकडे निघाले. निम्म्याहून जास्त माझ्या खुणेचे. एक उघडला. पहिल्याच सेकंदाला तिची किंचाळी: “हात काढ! हात काढ आधी तिथशी!” खूण आक्रमक, आद्याक्षरं माझी. मी तो तुकडा या वेळी पुढे चालू दिला. पलीकडून एक म्हातारा घाबरून म्हणतो, काढला. आणि ही एकदम हळू, “काढलास ना? बरा केलास, बाबा. आता लांब हो. चप्पल घाल पायान. घरान दुसरा कोन हाय?” आपटा गावचा म्हातारा होता. एकटा होता. ओल्या हाताने ठिणग्या उडणारा प्लग उपसायला निघाला होता. तिने त्याला दारापर्यंत चालवत नेलं, शेजाऱ्याला हाक मारायला लावली आणि शेजारी येईपर्यंत फोन ठेवला नाही.

हे ओरडणं आक्रमक असतं, असं मी त्या बाळाला शिकवलं होतं. माझ्याकडे पंचवीस सेकंद उरली होती आणि ती मला चहासाठी हवी होती.

मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात बघवेना. मग साहेबांकडे गेले आणि सांगितलं, मशीन चुकतंय. ते म्हणाले, कशावरून? मी म्हटलं, फोन ऐकले, तिची काही चूक नाही, गावाकडच्या सगळ्यांनाच ते असं लाल करत असणार. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, मग ते असं कुठून शिकलं?

मी त्यांना पहिल्या पाच सेकंदांचं सांगितलं.

ते शांतपणे म्हणाले, मॅडम, मला काही अडचण नाही. तुम्ही लिहून द्या, की आम्ही पाच जणींनी तुकडे पूर्ण न ऐकता खुणा केल्या. मी वर पाठवतो. सगळं काम पहिल्यापासून करावं लागेल, सॉफ्टवेअरवाले बोंबलतील, ते मी बघतो. पण लिहून द्या. नुसतं तोंडी चालणार नाही.

त्यांनी धमकी दिली नाही. नोकरी जाईल असं म्हणाले नाहीत. मी नंतर घरी, नवऱ्याला, स्वतःला सांगताना कित्येकदा त्यात धमकी घालून पाहिली आहे, म्हणजे गोष्ट जरा बरी दिसते. पण नव्हती. नोकरी गेली असती तरी आमच्या घरची चूल विझणार नव्हती, नवऱ्याचा पगार होता. मला भीती वाटली ती फक्त त्या कागदाची. तो कागद त्या चार जणींच्या हातात पडेल, फळ्यावर माझं नाव वर का होतं ते सगळ्यांना कळेल, नाशिकच्या त्या संथ बाईला कळेल. शुद्ध भाषेच्या बाई कामचुकार निघाल्या, असं जिन्यात बोलतील. या, एवढ्याशा, लाजेपायी.

मी फॉर्म टेबलावर घेऊन दुपारभर बसले. सहमत आहात का याच्यासमोर कारण लिहायला दोन ओळी होत्या. मी सुंदर अक्षरात लिहिलं, की सर्व फोन पूर्ण ऐकले, सदर कर्मचारी संभाषणाची सुरुवात चढ्या सुरात करतात असे आढळले. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मग पहिल्या प्रश्नाला होय, दुसऱ्याला होय, सही. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याची मला आजही किळस येते. फॉर्म हेड ऑफिसला गेला तेव्हा तिथून शाबासकीचा मेल आला. पडताळणी कशी असावी याचा नमुना म्हणून तो दुसऱ्या शहरांतल्या ऑफिसांना पाठवला होता.

महिनाअखेर तिचा शेवटचा दिवस होता. मी त्या दिवशी रजा टाकणार होते, पण मुलाच्या शाळेत सभा होती तिथे अर्धी रजा आधीच गेली होती. दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, आता तोंडावर चार शब्द सुनावणार. मी मनातल्या मनात उत्तरं तयार ठेवली होती. धोरण, नियम, माझ्या हातात काही नसतं.

ती उभीच राहिली. काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. मी पुढे वाकले.

“तुमी आख्खे आयकलेत ना, मॅडम? चालीसच्या चालीस?”

मी म्हटलं, हो.

“शेवटपरयंत?”

“हो.”

तिने मान हलवली. इतक्या हळू बोलत होती की एसीच्या आवाजातही शब्द हरवत होते. म्हणाली, मशीनचा मना काय वाटला नसता. मशीनला काय कळताय. पण तुमी शिकलेल्या, तुमी आख्खे आयकलेत आणि तुमाला पन तसाच वाटला, मंग माजाच बोलना वाईट असंल. एवढी वर्षं कोनी सांगितला नाय.

मी सांगायला हवं होतं. त्या क्षणी, तिथे, चार वाक्यांत सांगून झालं असतं. कागदावर नाही तर निदान तिला. जिभेपर्यंत आलंही होतं. पण शेजारच्या टेबलावर डोंबिवलीच्या दोघी बसल्या होत्या आणि त्यांनी हेडफोन खाली केले होते.

ती म्हणाली, पोरींना पन सांगितलाय आता. मोठ्यानं बोलाचा नाय. मोठी आयकते, बारकी नाय आयकत. काल बारकीला मारला मी त्याच्यावरून. आधी कदी हात लावला नव्हता.

मग तिने विचारलं, हळू बोलायचं कसं ते मी तिला शिकवीन का. ती येईल म्हणाली, रविवारी, माझ्या घरी, माझ्या सवडीने. मुलींनाही आणील.

मी माझ्या त्या नावाजलेल्या शुद्ध, गोड आवाजात म्हटलं, “ये ना. फोन करून ये.”